त्रेचाळीस नंबरचा उचिबोरी

हिमेजी,
१२ जानेवारी २०२३

उचिबोरी त्सुनेओ-सान यांना,

नव्या वर्षाचे बारा दिवस हिमेजीत बर्फाशिवाय गेले. तुमच्या शोदोशिमा बेटावर वारा बोचरा असेल. अनोळखी बाईचं पत्र बघून तुम्ही बुचकळ्यात पडाल, म्हणून आधी ओळख सांगते. मी कुसाका मित्सुए, वय सहासष्ट. १९८८ साली एका लहानशा कंपनीने घरच्या टीव्हीवर खेळायचा बेसबॉलचा व्हिडिओ गेम काढला होता, 'आओझोरा नाईन'. त्या कंपनीत मी नोकरीला होते. आता निवृत्त आहे. तुमचा हारिमा क्रेन्स संघ त्या गेममध्ये होता आणि संघाच्या यादीत त्रेचाळीस नंबरवर तुम्ही होता.

तो जुना गेम कंपनी पुन्हा बाजारात आणते आहे. त्यासाठी त्यातल्या प्रत्येक खेळाडूची लेखी परवानगी लागते. जुनी माणसं जुन्या माणसांनीच शोधावीत, असं म्हणून मला परत बोलावलं. एकशे अडुसष्ट खेळाडूंपैकी एकशे सदुसष्ट सापडले. काहींच्या मुलांनी सही केली, काहींच्या बायकांनी. एक काही केल्या सापडेना, ते तुम्ही. शेवटी क्रेन्सच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या ओकिमुरा-बाईंनी नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या कार्डांचा गठ्ठा सोडून दाखवला, त्यात तुमचा पत्ता मिळाला. चौतीस वर्षांत तुमचं एकही चुकलेलं नाही.

सोबत परवानगीचा कागद आहे. त्यावर सहीच्या जागी तुमचा शिक्का उमटवून ३० एप्रिलच्या आत पाठवावा ही विनंती. नव्या आवृत्तीत काही जुन्या चुका दुरुस्त करण्याचाही विचार आहे.

तब्येत सांभाळा.

कुसाका मित्सुए

*

शोदोशिमा,
२६ जानेवारी

कुसाका-सान यांना,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. आमचा धंदा सोमेनचा. हाताने ओढून केसासारख्या बारीक केलेल्या शेवया, आणि त्याचा मोसम म्हणजे हीच कडाक्याची थंडी. पहाटे कणीक मळायची, तिळाचं तेल लावत लावत ओढायची, ऊन आलं की अंगणात दांड्यांवर टांगायची. या दिवसांत पेन धरायला गेलो तर बोटं आपोआप शेवया सोडवायला लागतात.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बायकोने, फुसाएने, चौथ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "एकशे अडुसष्टात शेवटी सापडलात. लपंडावात तरी पहिला नंबर आला म्हणायचा."

शिक्का मी लगेच उमटवला असता. पण त्याआधी एक विचारायचं आहे. पस्तीस वर्षं विचारायचं होतं, कुणाला विचारू ते कळत नव्हतं.

त्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर त्याची ताकद एका आकड्यात लिहिलेली असते, एकपासून सोळापर्यंत. माझ्या नावासमोर पंधरा आहे. आमच्या संघात तेवढी ताकद फक्त चव्वेचाळीस नंबरच्या ब्रॅनिगनला होती, आणि त्याला तर अमेरिकेहून खास होम रन मारायलाच आणलं होतं. मी कोण? तीन वर्षांत मुख्य संघातून सात वेळा बॅट घेऊन उभा राहिलो. सातही वेळा बाद.

तरी कुणीतरी पंधरा लिहिलं. आणि कुणी लिहिलं असेल त्याचा मला अंदाज आहे. ८८ च्या फेब्रुवारीत शिकोकूत आमचं सराव शिबिर होतं. एके दुपारी जाळीच्या बाजूला राखाडी कोट घातलेलं एक माणूस वही घेऊन बसलं होतं. बाई की बाप्या, लांबून कळलं नाही. त्या दुपारी माझा हात असा काही लागला की काय सांगू. चेंडू बॅटला लागल्याचं हाताला कळतसुद्धा नव्हतं. आमचे प्रशिक्षक दुसरीकडेच बघत होते. पण ते राखाडी कोटवालं माणूस वहीत काहीतरी लिहीत होतं.

तुम्ही त्याच कंपनीत होता. ते कोण होतं, सांगाल का? जिवंत असेल तर त्यांना आमच्या सोमेनची एक पेटी पाठवायची आहे. शिक्का त्यानंतर.

उचिबोरी त्सुनेओ

*

हिमेजी,
८ फेब्रुवारी

उचिबोरी-सान यांना,

पत्र पोचलं. तुमच्या बोटांना त्रास दिल्याबद्दल माफ करा.

विचारलंत म्हणून सांगते. आकडे लिहिणारी दुसरी कुणी नव्हती, मीच होते. बाराही संघांचे सगळे आकडे माझ्याच हातचे. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि बेसबॉल पहिल्यांदाच शिकत होते. कोटाचं म्हणाल तर मला आता नीट आठवत नाही. इतकी वर्षं झाली.

सोमेन पाठवायचा त्रास घेऊ नका. तेवढा कागद मात्र एप्रिलच्या आत यावा.

कुसाका

*

शोदोशिमा,
१४ फेब्रुवारी

कुसाका-सान,

तुम्हीच! फुसाए म्हणते, बाईच असणार हे तिला आधीपासून माहीत होतं. पुरुष माणूस दुसऱ्या पुरुषाला पंधरा देणारच नाही.

पेटी आजच्या फेरीबोटीने निघाली आहे. नको म्हणू नका. ही जानेवारीतली आहे, सगळ्यात बारीक ओढलेली. दोन वर्षं मुरू दिलीत तर आणखी चांगली लागेल, पण तुम्ही लगेच खा.

तुम्हाला माहीत नसेल, तुमच्या त्या आकड्याने काय काय केलं. ८८ च्या उन्हाळ्यात गेम निघाला आणि सप्टेंबरपर्यंत हिमेजीतल्या सगळ्या पोरांना कळलं होतं की क्रेन्स जिंकायला हवेत तर उचिबोरीला उतरवायचं. स्टेडियममध्ये पोरं ओरडायची, "उचिबोरीला उतरवा!" मी बाकावर बसून मान खाली घालायचो. ब्रॅनिगन दुभाष्याला विचारायचा, हे लोक या पोराचं नाव का घेतात? ८९ च्या शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकच हसले आणि म्हणाले, "जा बाबा, प्रेक्षकांना खूश कर."

तो माझा सातवा डाव. तीन चेंडू आले आणि तीन गेले. बॅट तिन्ही वेळा फिरली, हवेतून. परत येताना वाटलं, आता पोरं शिव्या घालणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी मारेल, असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी मला रोज होम रन मारताना पाहिलं होतं ना.

त्याच शरद ऋतूत संघाने काढलं. बेटावर येऊन फुसाएच्या वडिलांकडे शेवया ओढायला लागलो. लोकांना वाटतं, बिचाऱ्याचं स्वप्न मोडलं. खरं सांगू, मला तितकं वाईट वाटलं नाही. कारण एका माणसाने मला नीट पाहिलं होतं आणि पाहून पंधरा लिहिलं होतं. खेळ जमला नाही तो माझ्या नशिबाने, पण आकडा तिथे होता. दांड्यांवर शेवया वाळताना अंगणभर पांढरे पडदे हलतात, त्यांच्यामधून चालताना कधी कधी मला ते हिरवं मैदान दिसतं, तुमच्या गेममधलं. वारा नाही, आवाज नाही, चेंडू वर जातो आणि खाली त्याची सावली बारीक होत जाते. मी पळत असतो. दम लागत नाही. फुसाए हाक मारते तेव्हा लक्षात येतं की मी एकाच दांडीला दोनदा तेल लावलं.

एवढंच सांगा. त्या दुपारी तुम्ही काय पाहिलंत? मनगटं? कंबर फिरवायची ढब? मी स्वतः कधीच पाहू शकलो नाही. माझ्यात काय होतं ते मला कळलं तर बरं वाटेल. तुमच्या उत्तराची वाट बघतो.

उचिबोरी

*

हिमेजी,
२० मार्च

उचिबोरी-सान यांना,

तुमच्या पेटीतलं मी अजून काही शिजवलेलं नाही. शिजवायचा धीर झाला नाही.

पाच आठवडे उत्तर दिलं नाही, त्यात रोज एक पत्र लिहिलं आणि फाडलं. काहींत मनगटं होती, काहींत कंबर. एकात तर खांदेही होते. छान जमलं होतं ते पत्र. पण तुम्हाला खोट्याची दुसरी पेटी पाठवायची मला हिंमत नाही.

मी त्या वर्षी शिकोकूला गेलेच नव्हते. कुठल्याच शिबिराला गेले नव्हते. तुम्हाला खेळताना मी एकदाही पाहिलेलं नाही. राखाडी कोटवालं माणूस कोण होतं, मला खरंच माहीत नाही.

झालं ते असं. माझ्याकडे दोन याद्या होत्या. एक क्रेन्सच्या कचेरीतून आलेली, नंबरांप्रमाणे नावांची. दुसरी मी केलेली, आकड्यांची. आपल्याकडे बेचाळीस नंबर कुणी घेत नाही, मरणाचा नंबर म्हणून. तुमच्या संघातही तो मोकळा होता. क्रेन्सच्या यादीत कुणीतरी शिस्तीने त्याची रिकामी ओळ ठेवली होती. माझ्या यादीत खेळाडूच नाही म्हणून ती ओळच नव्हती. दोन्ही शेजारी ठेवून मशीनमध्ये भरताना बेचाळीसनंतरचं सगळं एका घराने सरकलं. तुमचे आकडे रिकाम्या ओळीवर गेले आणि ब्रॅनिगनचे तुमच्यावर आले. ब्रॅनिगन यादीत शेवटचा, त्याच्या वाट्याला शून्य. तेवढं शून्य माझ्या नजरेस पडलं, कारण त्याच्यासारख्या माणसापुढे शून्य कुणालाही खटकलं असतं. मी त्याचे आकडे हाताने भरले आणि सुटले म्हणून चहा प्यायले. तुमच्याकडे बघितलंच नाही. राखीव खेळाडूकडे कोण बघतं, असं तेव्हा मनात होतं, ते आज लिहिताना शरम वाटते.

चूक कळली तेव्हा गेम दुकानात पोचले होते. मी गप्प बसले. नवरा गेला, कंपनीची जागा दोनदा बदलली, मी गप्पच.

तुमच्यासाठी मी खरा लिहिलेला आकडा तीन होता. तोही पाहून नाही. ज्यांची माहिती नसेल त्या सगळ्या राखीव खेळाडूंना मी तीन देत असे.

नव्या आवृत्तीसाठी चुकांची यादी मीच करायची आहे. तुमची ओळ मी अजून कोरी ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन. माफी मागायला शब्द शोधले, एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरतील असे मिळाले नाहीत.

कुसाका मित्सुए

*

शोदोशिमा,
५ एप्रिल

कुसाका-बाई,

मी उचिबोरी फुसाए. आमच्या ह्यांना न सांगता लिहिते आहे, आणि माझं अक्षर वाईट आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते वाचून घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तीन." मी विचारलं, काय तीन? तर उठून कणीक मळायला गेले. गेले पंधरा दिवस जेवायला बसतात आणि ताटाकडे बघून उठतात. परवा ओढलेल्या सोमेनला दोरखंडाची जाडी आली. माझे वडील असते तर दांडीने हाणलं असतं.

मला तुमचा राग आला आहे. लपवून ठेवायचं होतं तर शेवटपर्यंत लपवायचं. आठ फेब्रुवारीला अर्धं लपवलंत आणि वीस मार्चला सगळं ओतलंत, हे काय वागणं? चौतीस वर्षं हा माणूस रोज अंगणात ताठ चालतो. मला माहीत होतं तो आकड्यामुळे ताठ चालतो. लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या: "मी सात वेळा बाद झालो," आणि "एका माणसाला मी चांगला वाटलो." मी दुसऱ्या गोष्टीशी लग्न केलं.

पण रागाने काही होत नाही. तीनही तुम्ही न पाहता लिहिलात आणि पंधराही न पाहता लिहिलात. म्हणजे अजून कुणी पाहिलंच नाही. हिमेजीहून फेरीबोट दिवसातून सात वेळा सुटते. या आणि बघा. मग काय लिहायचं ते लिहा. जेवण मी घालीन, चव माझ्या रागावर अवलंबून राहील.

फुसाए

*

हिमेजी,
१८ एप्रिल

उचिबोरी-सान यांना,

परवा रविवारी घरी पोचेपर्यंत अंगाला समुद्राचा वास होता. फुसाए-सानना सांगा, सोमेन अप्रतिम होती आणि त्यात राग मुळीच लागला नाही. चटणीत थोडा लागला.

परतीच्या बोटीत मी डेकवर बसले होते. उतरत्या उन्हात लहान लहान बेटं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती, आणि मला सारखं वाटत होतं की मी कुठल्याशा स्वप्नात जाऊन तिथल्या माणसाच्या हातचं जेवून आले आहे. पण मांडीवर वही होती. तिच्यात जे आहे ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही मला विचारलं होतं आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर पोस्टातल्या हामागुची-सानने तुम्हाला पन्नास चेंडू टाकले. फुसाए-सान पंच होत्या आणि त्यांनी दोन निर्णय चुकीचे दिले, दोन्ही तुमच्या बाजूने. तुम्ही अठ्ठावन्नचे आहात. तेविसाव्या वर्षी तुमच्यात काय होतं ते आज पाहून सांगता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण ढब बदलत नाही म्हणतात, आणि मी ढबच बघत होते.

एकवीस चेंडूंना बॅट लागली. सोळा जमिनीवर गेले. चार वर गेले आणि झेलता येण्यासारखे होते. एक, बत्तिसावा, पाण्याच्या टाकीपलीकडे गेला. तुमची मनगटं चांगली आहेत. कंबर उशिरा फिरते. तुम्ही चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबता, म्हणून जोर कमी पडतो. प्रशिक्षकांनी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. वाईट चेंडूंना तुम्ही हात लावत नाही. हामागुची-सानने तेरा वाईट चेंडू टाकले, तेराही तुम्ही सोडून दिले. त्यासाठी आमच्या गेममध्ये रकानाच नव्हता. आणखी एक. जमिनीवर गेलेल्या सोळाही चेंडूंना तुम्ही पहिल्या बेसपर्यंत धावलात, समोर अडवणारं कुणी नसताना.

ताकद मी पाच लिहिली आहे. बोटीत सहा लिहिलं होतं, ते खोडलं. तुमच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही.

आता ऐका. काल मी कंपनीत हे सांगितलं तर तिथला तरुण साहेब घाबरला. म्हणाला, "कुसाका-सान, त्या ओळीला हात लावू नका. लोकांना हा गेम उचिबोरीमुळे आठवतो. कुणालाही माहीत नसलेला माणूस पंधराचा निघतो, हीच तर गंमत आहे." त्याचंही बरोबर आहे. म्हणजे तुम्हाला हवं असेल तर पंधरा तसंच राहील. कुणी विचारणार नाही, आणि चूक होती हे आपण तिघं आणि तो साहेब, एवढेच जाणतो.

म्हणून दोन कागद पाठवते आहे. एकावर पंधरा आहे, दुसऱ्यावर पाच. ज्याच्यावर तुमचा शिक्का असेल तो मी पुढे देईन.

कुसाका मित्सुए

*

शोदोशिमा,
२५ एप्रिल

कुसाका-सान,

कागद पोचले. फुसाएने दोन्ही जेवायच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, "पंधरावर मारा. फुकट मिळतंय ते सोडू नये. पाच म्हणजे काय, पोस्टातल्या हामागुचीलासुद्धा पाच मिळतील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाईने सहा तरी द्यायचे होते." रात्री जेवताना मात्र तिने मला विचारलं, कंबर उशिरा फिरते म्हणजे नक्की काय. मी उठून दाखवलं. तिने पण करून बघितलं. घरात हे इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

सहा दिवस विचार केला. तुमच्या मार्चच्या पत्राने मला काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. पंधरा गेले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट हे वाटलं की त्या दुपारी जाळीमागे माझ्यासाठी कुणीच नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला मनातल्या मनात वाकून नमस्कार करत होतो, ती एक रिकामी ओळ होती. त्यामुळे जेवण जात नव्हतं.

आणि मग तुम्ही आलात. पन्नास चेंडू होईपर्यंत एकदाही माझ्यावरून नजर काढून समुद्राकडे बघितलं नाहीत. मी बघत होतो. बत्तिसाव्या चेंडूला तुम्ही उठून उभ्या राहिलात, ते तुम्हालाही कळलं नसेल.

पाचाच्या कागदावर शिक्का मारला आहे. तुमच्या तरुण साहेबाची गंमत जाईल, त्यांची माझ्याकडून माफी मागा. पोरंही चिडतील, पहिल्याच सामन्यात मला उतरवतील आणि मी बाद होईन. पण पंधराचा उचिबोरी कुणीच पाहिलेला नाही. पाचाचा तुम्ही पाहिला आहे.

शिक्का थोडा तिरका उमटला आहे, हाताला तेल होतं. चालत नसेल तर कळवा, पुन्हा मारून देतो.

उचिबोरी त्सुनेओ